त्वचेवरील लहान शस्त्रक्रिया : आधी आणि नंतर

चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे, कुरूप ब्लेडने तासणे, गाठीवर चुना आणि सोडा लावून ती जाळणे, असे उपाय आजही सर्रास केले जातात. जखम चिघळल्यावरच रुग्ण दवाखान्याची पायरी चढतो. वस्तुतः चरबीची गाठ, चामखीळ, कुरूप, पू झालेले गळू किंवा तपासणीसाठी काढावयाचा त्वचेचा तुकडा ही कामे जागेपुरती भूल देऊन बहुधा अर्ध्या तासात होतात. मात्र शस्त्रक्रिया लहान असली तरी तिची पूर्वतयारी आणि नंतरची निगा लहान नसते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर या दोन्ही गोष्टींना अधिकच महत्त्व येते.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. भिल्ल, पावरा, गावित, कोकणा या समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवरून रुग्णालय गाठणे सोपे नाही. म्हणूनच लहान शस्त्रक्रियेचाही विचार येथे घरापासून रुग्णालयापर्यंत आणि परत असा करावा लागतो.

आधी निदान

प्रत्येक डाग कापून टाकण्याजोगा नसतो. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श जाणवत नसेल, तर प्रथम कुष्ठरोगाची तपासणी व्हावयास हवी. त्यावर बहुविध औषधोपचार शासनातर्फे मोफत मिळतो. तळपायावर किंवा नखाखाली नव्याने आलेला, वाढणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला काळा डाग घरी तासू नये. सावळ्या त्वचेत मेलॅनोमा हा कर्करोग बहुधा याच ठिकाणी उद्भवतो. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी पाठवावी काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे आणि तिचा अहवाल जपून ठेवावा.

डॉक्टरांना काय सांगावे?

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयात बसविलेला पेसमेकर, गर्भावस्था, पूर्वी एखाद्या औषधाने किंवा भुलीच्या इंजेक्शनने झालेला त्रास या बाबी लपवू नयेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर तसे सांगावे, परंतु त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्या बंद केल्याने होणारा धोका शस्त्रक्रियेतील थोड्या रक्तस्रावापेक्षा मोठा असू शकतो. पूर्वीच्या जखमेचा व्रण उंच, टणक होऊन वाढत गेला असेल, तर त्यास केलॉइड म्हणतात. छाती, खांदा आणि कानाची पाळी या जागी तो अधिक संभवतो.

सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आदिवासी भागांत अशा तपासण्या केल्या जात आहेत. केवळ वाहक असलेल्या व्यक्तीस लहान शस्त्रक्रियेत सहसा अडचण येत नाही. प्रत्यक्ष आजार असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. शरीरातील पाणी कमी झाले, थंडी वाजली किंवा एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा अडला की त्यांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. बोटाच्या शस्त्रक्रियेत मुळाशी रबरी पट्टा आवळावयाचा असेल, तर डॉक्टरांना हे ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. शिवाय अशा रुग्णांच्या घोट्याजवळच्या जखमा फार हळू भरतात.

त्या दिवशी

जागेपुरती भूल द्यावयाची असल्यास उपाशी राहण्याचे कारण नसते. उलट हलके जेवण आणि भरपूर पाणी घेतल्यास चक्कर टळते. साबणाने स्नान करावे, स्वच्छ सैल कपडे घालावेत. शस्त्रक्रियेच्या जागेवरील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, कारण सूक्ष्म ओरखड्यांतून जंतू शिरतात. सोबत एक जाणते माणूस असावे.

टाके आणि परतीचा प्रवास

पहिले २४ ते ४८ तास पट्टी कोरडी ठेवावी. रक्त आले तर स्वच्छ कापडाने १५ ते २० मिनिटे सलग दाबून धरावे, मधून मधून उचलून पाहू नये. हळद, तंबाखू, राख किंवा शेण जखमेवर लावू नये. दुखण्यावर पॅरासिटामॉल बहुधा पुरते.

टाके सर्वसाधारणपणे चेहऱ्यावरचे ५ ते ७, डोक्यावरचे ७ ते १०, हात व धडावरचे १० ते १४, तर पायाचे सुमारे १४ दिवसांनी काढतात. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असे नव्हे. त्या वेळी तिची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम दशांश असते आणि पुढे कित्येक महिन्यांनीही ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते. त्यामुळे काही आठवडे जड ओझे उचलणे टाळावे.

दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी कुटुंबे, नंदुरबारच्या मिरची पथारीवर राबणारे मजूर, होळीच्या दिवसांत अंगाला राख फासून रात्रभर नाचणारे तरुण यांनी शस्त्रक्रियेची तारीख हे सारे लक्षात घेऊन ठरवावी. हाताची जखम ओली असताना मिरचीत काम करू नये. गाव सोडावेच लागणार असेल, तर आपोआप विरघळणारे टाके घालता येतील काय हे विचारावे. एरवी टाके काढण्याची तारीख लिहिलेला कागद सोबत ठेवावा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही टाके काढता येतात.

पुन्हा केव्हा दाखवावे?

तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, जखमेभोवती लाली व ऊब पसरणे, पू येणे, लाल रेषा वर चढणे, ताप येणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. सिकलसेलच्या रुग्णास ताप आला तर सकाळची वाट पाहू नये, कारण त्याची प्लीहा बहुधा दुबळी झालेली असल्याने संसर्ग झपाट्याने पसरतो.

शस्त्रक्रियेचे यश डॉक्टरांच्या हातात जेवढे असते, तेवढेच ते आधी सांगितलेल्या खऱ्या माहितीत आणि नंतर पाळलेल्या दोन आठवड्यांच्या पथ्यात असते.