सांध्याची शिस्त

समितीच्या हातून टिपणे होतात, कार्य होत नाही, असा प्रवाद कचेऱ्यांत रूढ आहे. भ्रमणध्वनीचा इतिहास मात्र त्याविरुद्ध साक्ष देतो.

१९८० नंतर युरोपात देशोदेशी निराळ्या पद्धती निघाल्या. पश्चिम जर्मनीतील मोटारीचा दूरध्वनी फ्रान्सच्या हद्दीत मुका होई. म्हणून १९८२ साली युरोपीय टपाल व तारखात्यांच्या परिषदेने एक कार्यगट नेमला, जी.एस.एम. हे नाव मूळचे त्याचेच. स्वीडनचे थॉमस हाउग त्याचे अध्यक्ष झाले. १९८६ साली पॅरिसमध्ये नमुन्यांची परीक्षा झाली आणि लहरींचा पट्टा अरुंद असावा की रुंद, हा वाद पेटला. बहुमत अरुंद पट्ट्याकडे, तर फ्रान्स व पश्चिम जर्मनी रुंद पट्ट्याकडे. मतसंख्येने त्यांना दडपता आले असते. परंतु शेजाऱ्याने न मानलेले मानक काय कामाचे? १९८७ साली बॉन येथे तडजोड झाली, आणि सप्टेंबरात कोपनहेगनच्या करारावर १३ देशांच्या सह्या पडल्या.

गटाचे खरे शहाणपण निराळेच आहे. यंत्राचे अंतरंग त्याने उत्पादकांवर सोपविले. यंत्रे परस्परांस भेटतात तो सांधा मात्र काटेकोर लिहून काढला. त्याच लेखी नियमांवर १९९१ साली फिनलंडात आणि ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान संभाषण झाले.

परप्रांती नांदणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांस हे सहज उमगावे. घरातील रीत आपली असावी, उंबरठ्यावरील भाषा सर्वांची.