जुन्या घराची नवी पडवी

देवस्थानच्या आवारातील अग्रशाळा घ्या किंवा आपले वडिलार्जित घर घ्या, ती वास्तू एकाच हाताने एकाच वेळी उभारली, असे क्वचितच आढळते. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, त्याच सुमारास श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, आणि त्या देवतांच्या मागोमाग आलेल्या कुळांनी नव्या भूमीत आपली बिऱ्हाडे मांडली. कवळ्याचे आजचे भव्य देवालय शाहू छत्रपतींच्या काळी, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने, १७३८ साली उभे राहिले. तोवर दीडशेहून अधिक वर्षे देवीदेखील साध्या वास्तूतच नांदत होती. जेथे देवालाही टप्प्याटप्प्याने घर वाढवावे लागले, तेथे भक्तांची काय कथा! कोणाला पडवी हवी, कोणाला बाळंतिणीची खोली, कोणाला म्हाताऱ्या आईसाठी तळमजल्यावर न्हाणी. अशा वेळी प्रत्येक पिढीपुढे एकच प्रश्न उभा राहतो : खर्च किती येईल?

हा प्रश्न आजचा नव्हे, आणि त्याचे उत्तर काढण्याची रीतही साहेबाकडून आपल्याकडे आली असे नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचिलेल्या लीलावतीत खातव्यवहार, चितिव्यवहार आणि क्रकचव्यवहार अशी प्रकरणे आहेत. खात म्हणजे खोदकाम, चिति म्हणजे विटांची वा दगडांची रास, आणि क्रकच म्हणजे करवत. पायाची खोदाई, भिंतीची रचाई आणि लाकडाची चिराई ही घरबांधणीच्या खर्चाची जी तीन अंगे, तीच येथे गणितात मांडली आहेत. आचार्यांचे एक उदाहरण पाहा. वीट १८ अंगुळे लांब, १२ रुंद व ३ उंच. रास ८ हात लांब, ५ हात रुंद व ३ हात उंच. तर विटा किती आणि थर किती? हात २४ अंगुळांचा धरून राशीच्या घनफळास विटेच्या घनफळाने भागिले की विटा येतात २५६० आणि थर २४. आजचा कंत्राटदार ह्याहून निराळे काही करीत नाही.

परंतु आम्हांस ह्या गणिताहूनही मोलाचे वाटते ते आचार्यांचे पुढील सांगणे. चिति, खात आणि क्रकच ह्या कामांचे मूल्य कारागिरांशी होणाऱ्या ठरावाने आणि पदार्थाच्या मृदुकठिणतेने ठरावे, असे ते स्पष्ट सांगतात. म्हणजे माप गणिताने निघते. मोल मात्र माणसाच्या संमतीवर आणि मालाच्या गुणावर अवलंबून राहते. ज्या ग्रंथाच्या अध्ययनासाठी आचार्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला, आणि ज्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावनजीक पाटण येथे आहे, त्या ग्रंथात असा व्यवहार सांगितलेला असावा ह्यात नवल नाही. त्या लेखाचा अखेरचा भाग मराठीत असून त्यात मठाच्या उत्पन्नाची तरतूद नोंदलेली आहे. विद्या आणि जमाखर्च ह्यांचे वैर आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हते.

आता हीच रीत आपण आपल्या चिऱ्यास लावून पाहू. फ्रान्सिस बुकॅनन ह्या स्कॉटिश प्रवाशाने मलबारात पाहिलेल्या ह्या जांभ्या दगडास १८०७ साली जे नाव दिले, ते लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून. खाणीत मऊ, कुऱ्हाडीने तासता येण्याजोगा, आणि वारा लागताच कठीण होणारा हा दगड म्हणजे निसर्गाने दिलेली वीटच होय. समजा, जुन्या भिंतीला टेकून १६ फूट लांब व ८ फूट रुंद पडवी काढावयाची आहे. बाहेरची भिंत ७ फूट उंच आणि छपराचे टोक जुन्या भिंतीस ११ फुटांवर टेकलेले. बाजूच्या दोन भिंती तिरकस उतरतात. त्यांची उंची दोन्ही टोकांची बेरीज निम्मी करून, म्हणजे ९ फूट धरावी. बुंध्याशी जाड व शेंड्याशी बारीक असे लाकूड चिरताना आचार्यांनीही जाडीची हीच सरासरी घेतली आहे. एकूण क्षेत्र २५६ चौरस फूट. दार व दोन खिडक्यांचे ३६ वजा जाता राहिले २२०. चिऱ्याची दर्शनी बाजू १४ इंच लांब व ७ इंच उंच धरिली, तर चिरे लागतील सुमारे ३२३. मोडतोडीसाठी काही अधिक घ्यावे. पागोळीसाठी छप्पर थोडे बाहेर काढिले, तर मंगळुरी कौले तीनशेच्या आसपास लागतात.

पडवी रुंद का करू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कौलांच्या उतारात आहे. मृगाच्या सरी झेलावयाच्या तर उतार पुरेसा हवा. आणि जुन्या छपराची वळचण जेथे आहे तेथूनच तो निघावयाचा. रुंदी वाढवावी तसतशी बाहेरची भिंत ठेंगणी होते आणि शेवटी वाकून आत शिरावे लागते. जुन्या पडव्या अरुंद दिसतात, त्यामागे कंजुषपणा नसून हा हिशेब आहे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यावर ही चपटी कौले किनाऱ्यावर पसरली. परंतु जेथे मूळ घरावर नळीची कौले आहेत, तेथे दोन्हींचा सांधा नीट जुळत नाही, आणि पाणी नेमके तेथूनच शिरते.

ह्या सांध्यानेच आम्हांस शहाणे केले. आमच्या घरी आईला जिना चढवेना, म्हणून खाली एक खोली जोडावयाचे ठरले. चिरे मोजले, कौले मोजली, मजुरी ठरविली. सारे नव्या भागाचे. दार पाडण्यासाठी जुनी भिंत फोडली तेव्हा आतून निघाली माती, आणि वरची तुळई वाळवीने पोखरलेली. ती बदलावयाची तर छपराचा एक भाग उतरविणे प्राप्त झाले. अंदाज होता त्याच्या दीडपट खर्च झाला. मृग लागला तेव्हा घर उघडे होते, आणि गवंड्याची मजुरी चुकती करण्यासाठी ज्या आईकरिता ही खोली तिच्याच हातच्या बांगड्या गहाण पडल्या. तिने एका शब्दाने कुरकूर केली नाही. ते आम्हांस अद्याप बोचते. चूक गवंड्याची नव्हती आणि गणिताचीही नव्हती. आम्ही नव्याचा हिशेब केला आणि जुन्याची प्रकृती विचारली नाही. आचार्यांनी सांगितलेली मृदुकठिणता आम्ही नव्या चिऱ्यात पाहिली; ती जुन्या भिंतीत पाहावयास हवी होती.

म्हणून वाचकांस, आणि विशेषतः अग्रशाळांच्या दुरुस्तीचा भार वाहणाऱ्या महाजनांस, आमची विनंती इतकीच. मोजपट्टी काढण्यापूर्वी जुनी भिंत एका जागी उकलून पाहावी, तुळयांस टोचून पाहावे, आणि पहिल्या पावसात पाणी कोठून वाहते ते लक्षात घ्यावे. शिंपल्यांच्या चुन्याने सांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा लेप चढविण्याची घाई करू नये. ओल आत कोंडते आणि चिरा झिजू लागतो. नव्या कामाची व सांध्याची रक्कम निरनिराळी मांडावी, आणि सांध्यासाठी हात सैल ठेवावा. कारागिराशी बोलणे आरंभीच उघड करावे. त्याच्या संमतीवाचून ठरलेले मोल हे मोल नव्हे.

अंदाज चुकला म्हणजे केवळ पैसे जातात असे नाही. अर्धवट उभी राहिलेली भिंत भावाभावांत उभी राहते, आणि पुढे घर विकण्याची भाषा सुरू होते. याउलट हिशेब नीट बसला, तर घराला एक खण वाढतो आणि त्यात एका माणसाचे म्हातारपण सुखाने जाते. आईने त्या खोलीत नऊ पावसाळे काढले. तुळई पक्की आहे, आणि सांधा अजून गळत नाही.