कमांड बाइंडिंग

कमांड बाइंडिंग म्हणजे आज्ञावलीतील एखादी कृती ‘कमांड’ या स्वतंत्र ऑब्जेक्टच्या रूपात मांडून ती बटन, मेनूतील पर्याय, कळफलकावरील शॉर्टकट अशा कंट्रोलांशी जोडण्याची पद्धत होय. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशन (डब्ल्यूपीएफ) या प्रणालीमुळे ही संज्ञा विशेष रूढ झाली.

पार्श्वभूमी

मजकूर-संपादकातील ‘पेस्ट’ ही कृती मेनू, टूलबार, उजव्या क्लिकची यादी आणि कंट्रोल-व्ही अशा चार मार्गांनी करता येते. प्रत्येक मार्गासाठी वेगळा इव्हेंट हँडलर लिहिल्यास ‘क्लिपबोर्ड रिकामा असताना पेस्ट बंद ठेवावे’ हा नियमही चार ठिकाणी पाळावा लागतो. एक जागा सुटली की बटन करडे दिसते, पण शॉर्टकट मात्र चालतो. कृतीला ऑब्जेक्टचे रूप देण्याचा उपाय गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस यांच्या १९९४ मधील ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात ‘कमांड’ याच नावाने आला आहे. जावा स्विंगमधील ‘ॲक्शन’ आणि क्यूटीमधील ‘क्यूॲक्शन’ याच जातीचे आहेत.

स्वरूप

डब्ल्यूपीएफ नोव्हेंबर २००६ मध्ये डॉटनेट फ्रेमवर्क ३.० सोबत आले. त्यातील ‘आयकमांड’ या इंटरफेसचे तीनच घटक आहेत: कृती करणारे ‘एक्झिक्यूट’, ती आत्ता करता येईल का हे सांगणारे ‘कॅनएक्झिक्यूट’ आणि हे उत्तर बदलल्याची सूचना देणारा ‘कॅनएक्झिक्यूटचेंज्ड’ हा इव्हेंट. बटन या उत्तरानुसार स्वतःला सुरू वा बंद करते.

डब्ल्यूपीएफच्या ‘राउटेड कमांड’मध्ये कृती कमांडमध्ये नसतेच. कमांड फोकस असलेल्या घटकापासून वरच्या घटकांकडे जाते आणि वाटेत ‘कमांडबाइंडिंग’ नोंदवलेला घटक तिची दखल घेतो. टूलबारचा फोकस-परीघ वेगळा असल्याने त्यातील पेस्टचे बटन मजकुराच्या चौकटीवर बिनचूक चालते. तेच बटन टूलबारबाहेर साधेपणाने ठेवल्यास ‘कमांडटार्गेट’ स्पष्ट सांगावे लागते. नवख्या विकसकांना हा फरक बराच काळ कोड्यात टाकतो.

जॉन गॉसमन यांनी २००५ मध्ये मांडलेल्या मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल (एमव्हीव्हीएम) रचनेत राउटेड कमांड फारशी सोयीची ठरली नाही. तेथे व्ह्यूमॉडेल आपली कमांड प्रॉपर्टी म्हणून उघड करते आणि बटन डेटा बाइंडिंगने तिच्याशी जोडले जाते. यासाठी जोश स्मिथ यांच्या २००९ मधील लेखामुळे ‘रिलेकमांड’, तर प्रिझम या लायब्ररीमुळे ‘डेलिगेटकमांड’ प्रचारात आले.

अडचणी

राउटेड कमांडला कोणीच हँडलर दिला नाही, तर बटन करडे पडते आणि चूक लगेच दिसते. डेटा बाइंडिंगमध्ये मात्र प्रॉपर्टीचे नाव चुकल्यास कमांड रिकामी राहते, बटन सुरूच दिसते आणि दाबल्यावर काहीही घडत नाही. आज्ञावली बंद पडत नाही. चूक केवळ डीबगरच्या आउटपुटमध्ये नोंदली जाते.

दुसरी अडचण शिळ्या उत्तराची. डब्ल्यूपीएफचा ‘कमांडमॅनेजर’ फोकस बदलणे, कळ दाबणे अशा घटनांनंतरच कॅनएक्झिक्यूट पुन्हा विचारतो. पार्श्वभूमीतील काम संपल्याचे त्याला कळत नाही; त्यामुळे फाइल पूर्ण उतरूनही ‘उघडा’ हे बटन वापरकर्ता खिडकीत कोठेतरी क्लिक करेपर्यंत करडेच राहू शकते. अशा वेळी फेरतपासणीची सूचना कोडमधून द्यावी लागते.

कॅनएक्झिक्यूट हे संरक्षणही नव्हे. कोडमधून एक्झिक्यूट थेट बोलावल्यास ती अट आपोआप तपासली जाईलच असे नाही. असिंक्रोनस कामात तर एक्झिक्यूट लगेच परतते, बटन सुरूच राहते आणि घाईने दोनदा दाबल्यास एकच रक्कम दोनदा पाठवली जाण्यासारखे प्रकार घडू शकतात. एमव्हीव्हीएम टूलकिटमधील ‘असिंकरिलेकमांड’ म्हणूनच, वेगळी सूचना नसल्यास, पहिले काम संपेपर्यंत बटन बंद ठेवते.