नकाशावरचें काठी गांव

सातपुड्याच्या कुशींत, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत, काठी नांवाचें एक गांव आहे. तेथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. उंच बांबू उभारून पहांटे पेटविली जाणारी ही होळी पाहण्यासाठीं पाड्यापाड्यांवरून लोक रात्रभर पायवाटा तुडवीत येतात. त्यांपैकीं कोणालाहि नकाशाची गरज भासत नाहीं. वाट पायांना पाठ असते. परंतु त्यांच्या मुलांना शाळेंत भूगोल शिकावा लागतो, आणि त्या भूगोलाच्या नकाशांत ती पायवाट तर नसतेच, पुष्कळदां गांवहि नसतें. आतां संगणकावरचे व मोबाईलवरचे नकाशे वर्गांत आले आहेत. त्यांनीं ही उणीव भरून निघेल काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर नकाशा या डोंगरांपर्यंत कसा आला, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

हिंदुस्थानांत शास्त्रशुद्ध मोजणीचें खातें १७६७ सालीं निघालें. १८०२ मध्यें विल्यम लॅम्ब्टन यानें मद्रासजवळ एक आधाररेषा पोलादी साखळीनें मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे निघाला. एक बाजू व दोन कोन ठाऊक असले म्हणजे उरलेल्या बाजू गणितानें निघतात, एवढ्या साध्या तत्त्वावर तें प्रचंड काम उभें होतें. १८२३ मध्यें, काम अपुरें असतांनाच, विदर्भांतील हिंगणघाट येथें त्याला मृत्यु आला. या परिश्रमांत ज्ञानाची आवड होती, यांत शंका नाहीं. तथापि खर्च सोसणाऱ्या कंपनी सरकारास लष्कराच्या वाटा आणि साऱ्याचे आंकडे हवे होते. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं आला. पुढें १८५२ मध्यें तेथें जमिनीची मोजणी सुरू होतांच सावद्याच्या बाजूस रयतेनें मोठी दंगल केली. साखळीमागून सारा येतो, हें शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागलें नव्हतें.

सपाटीवर विरोध झाला तरी मोजणी पुरी झाली; सातपुड्याच्या पुष्कळशा भागांत ती फार उशिरां पोंचली. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली व नवलपूर या सहा लहान संस्थानांस मेहवासी संस्थानें म्हणत. त्या मुलुखांत कोणतें शेत कोण कसतो हें गांवाच्या स्मरणांत होतें, कागदावर फारसें नव्हतें. १९६१ च्या कायद्यानें मेहवासी मालकी हक्क संपुष्टांत आले. पण जें शेत कधीं मोजलेंच गेलें नाहीं, त्याचा कसणारा सरकारी दप्तरांत सहसा उपरा ठरतो. नकाशा वाचतां येणें आणि काढतां येणें ही येथें केवळ परीक्षेपुरती गोष्ट नाहीं, ती अशी.

शाळेच्या भिंतीवरील नकाशाला ही उणीव भरून काढतां आली नाहीं, आणि तो दोष एकट्या शिक्षकाचा नव्हे. ज्या नकाशावर एका सेंटिमीटरांत दहा किलोमीटर मावतात, त्यावर एखादा पाडा सुईच्या टोंकाएवढाहि उरत नाहीं. शिवाय डोंगरांतलें गांव एके ठिकाणीं वसलेलें नसतें. जो तो आपल्या शेतांत घर बांधून राहतो. नकाशा मात्र साऱ्या गांवास एकच ठिपका देतो. त्यांतच सरकारी सीमा बदलत गेल्या. १९०६ मध्यें खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, आणि १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा निराळा निघाला. रोमन लिपींतील नांव वाचून कोणी ‘काठी’ म्हणेल, कोणी ‘काथी’, कोणी ‘कथी’. आपलें गांव परक्याच्या उच्चारांतून ओळखण्याची पाळी मुलावर येते. बालभारतीनें तिसरीचें परिसर अभ्यासाचें पुस्तक प्रत्येक जिल्ह्यासाठीं वेगळें काढलें, यांत मूल जेथें राहतें तेथूनच भूगोल सुरू व्हावा, हें योग्य तत्त्व आहे. पण जिल्ह्यापासून पाड्यापर्यंतचें अंतर छापील पुस्तकाला तोडतां येत नाहीं.

तें अंतर तोडणारीं साधनें गेल्या पंचवीस वर्षांत हातीं आलीं. फेब्रुवारी २००० मध्यें एका अमेरिकन अंतराळयानानें अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची रडारनें मोजली. त्याच वर्षीं मे महिन्यांत जी.पी.एस. संदेशांतील मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकण्यांत आली, आणि चार उपग्रहांच्या संदेशांवरून कोणासहि आपली जागा कांहीं मीटरांच्या फरकानें कळूं लागली. २००९ सालीं इस्रोनें ‘भुवन’ हें स्थळ खुलें केलें. पुढें शालेय भूगोलासाठीं त्याचा स्वतंत्र विभाग निघाला. फेब्रुवारी २०२१ मध्यें भारत सरकारनें नकाशे तयार करण्यावरचे बहुतेक परवाने रद्द केले. जें काम एके काळीं सरकारी खात्याचें होतें, तें आतां शाळकरी मुलालाहि करतां येतें.

या साधनांचें खरें सामर्थ्य चित्राच्या स्पष्टपणांत नाहीं, तर थरावर थर ठेवण्याच्या सोयींत आहे. पारदर्शक कागदांवर काढलेले नकाशे एकमेकांवर ठेवावेत, तसे रस्ते, उंची, पाणी, वस्ती यांचे थर एकावर एक ठेवतां येतात. दोन पाड्यांमधील अंतर सरळ रेषेंत एक किलोमीटर दिसतें. मुलगा रोज शाळेंत येतो त्या वाटेनें तें तिप्पट कां होतें, हें उंचीचा थर पाहतांच उमगतें. होळीला येणारीं माणसें कोणकोणत्या गांवांहून येतात तें नोंदलें, तर गुजरात आणि मध्यप्रदेश यांच्या सीमा ओलांडणारा एक निराळाच प्रदेश उमटतो. आणि उत्तरेस नर्मदेच्या कांठीं अधिक गंभीर धडा मिळतो. सरदार सरोवरामुळें अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवें पूर्णतः वा अंशतः बुडितांत आलीं. सप्टेंबर २०१९ मध्यें जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरांपर्यंत भरला. जुना सर्वेक्षण नकाशा व नवें उपग्रहचित्र एकावर एक ठेवलीं, म्हणजे पाण्याखालचें गांव कोठें होतें हें दिसतें. विस्थापितांच्या मुलांस आपल्या आजोळाची जागा पाहावयाची असल्यास आतां दुसरा मार्ग नाहीं.

वर्गांतील या विद्येचा उपयोग वर्गाबाहेर कसा होतो, याचें उदाहरण काठीपासून दूर नाहीं. वनहक्क कायदा २००६ सालीं झाला. त्यानंतर शेजारच्या गुजरातेंतील सागबारा व डेडियापाडा तालुक्यांत आर्च-वाहिनी या संस्थेनें गांवच्या तरुणांना जी.पी.एस. यंत्र घेऊन शेताच्या कडेनें चालावयास व ती आंखणी उपग्रहचित्रावर ठेवावयास शिकविलें. दीडशें वर्षांपूर्वीं ज्या मोजणीला शेतकरी भ्याला, तीच मोजणी येथें कसणाऱ्याच्या हातीं आली. मात्र चित्र झालें तरी तें डोळे झांकून मानूं नये. महुडाच्या झाडांखालचें शेत आकाशांतून जंगल दिसतें. उन्हाळ्यांतील पडीक रान ओसाड दिसतें. म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांत उपग्रहचित्र इतर पुराव्यास पूरक मानावें, त्याऐवजीं मानूं नये, असें सांगितलें आहे. आणि गांवांतील वृद्धांचें लिहून घेतलेलें कथन हाहि पुरावाच धरला आहे.

शाळेनेंहि हाच क्रम पाळावा. मुलांनीं आधीं पाडा पायीं फिरावा, विहीर, ओढा, देवस्थान कागदावर हातानें काढावें, ओढ्याचें नांव आजीला विचारून घ्यावें. मग यंत्रावरचा नकाशा उघडावा व दोहोंतला फरक शोधावा. सातपुड्यांत सर्वत्र संदेशवहन पोंचत नाहीं, परंतु नकाशाचा तुकडा आगाऊ उतरवून ठेवला तर शिक्षकाच्या एका मोबाईलवर सारा वर्ग हा अभ्यास करूं शकतो. जेथें फरक दिसेल तेथें मुलानें नकाशा दुरुस्त करावा, आणि नांव देवनागरींत, गांव उच्चारतें तसें लिहावें.