बेवारस कोण? मुंबईतील १८३२ ची कुत्र्यांची दंगल

१/ ६ जून १८३२. मुंबईच्या कोटात सुमारे दोनशे पारशांच्या जमावाने दोन पोलीस शिपायांवर हल्ला केला. कारण होते कुत्री. ही घटना ‘बॉम्बे डॉग रायट्स’ या नावाने ओळखली जाते. तिने उभा केलेला प्रश्न आजही सुटलेला नाही. त्याविषयी हा थ्रेड.

२/ १८१३ च्या नियमानुसार वर्षातील ठरावीक काळात मोकाट कुत्री मारण्याची मुभा होती. १८३२ मध्ये ही मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. बक्षीस नगावर मिळत असल्याने पिसाळलेले आणि धडधाकट, रस्त्यावरचे आणि उंबऱ्यातले हा भेद शिपायांना सोयीचा राहिला नाही. पाळीव कुत्रीही मारली जाऊ लागली.

३/ सरकारची भीती मात्र खोटी नव्हती. पाश्चरने रेबीजची लस माणसावर प्रथम वापरली ती १८८५ साली. १८३२ मध्ये हा रोग जडला की मृत्यू अटळ होता. म्हणून या कथेला ‘दुष्ट गोरे आणि दयाळू प्रजा’ एवढ्यात बसवता येत नाही.

४/ पारशांसाठी कुत्रा हा केवळ राखणदार नव्हे. अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्यात आहे. ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथात कुत्र्याला इजा करणाऱ्यास शिक्षा सांगितल्या आहेत. त्यातच ६ जून हा त्यांचा पवित्र दिवस होता.

५/ दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. हिंदू आणि जैनही या बंदमध्ये सामील झाले. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. अखेर सैन्य बोलावून जमाव पांगवण्यात आला आणि धरपकड झाली.

६/ वादाचे मूळ एका शब्दात होते: ‘बेवारस’. सरकारी दृष्टीने ज्याला धनी नाही ते कुत्रे बेवारस. पण आपल्या वस्तीतील कुत्रे गल्लीचे असते. चार घरांचे तुकडे खाते, रात्री भुंकते, आणि कोणा एकाच्या मालकीचे नसते. कायद्याच्या रकान्यात या नात्याला जागाच नव्हती.

७/ पुढे तडजोड निघाली: कुत्री मारू नयेत, शहराबाहेर न्यावीत. पण नेऊन ठेवायची कोठे? १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभी राहिली. आज ती गाईंसाठी परिचित आहे. तिच्या स्थापनेमागे मात्र कुत्र्यांची हत्या होती.

८/ यानंतर २६ वर्षांनी, १८६० मध्ये, मेरी टीलबी यांनी लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी निवारा काढला. तोच पुढे १८७१ मध्ये बॅटरसीला गेला. तेथे मूळ धनी शोधला जाई किंवा नवे घर पाहिले जाई. ज्यांना कोणीच नेत नसे, अशा अनेकांना मारले जाई.

९/ दोन्ही पद्धतींची अडचण येथे दिसते. पांजरपोळीत आलेल्या जनावराला मरेपर्यंत सांभाळायचे, म्हणजे आवक थांबत नाही आणि जागा संपते. लंडनच्या निवाऱ्यातून बाहेर पडायचे दार होते, पण ते दत्तक घराकडे उघडेल की मृत्यूकडे, हे कुत्र्याच्या हाती नव्हते. निवारा कितीही मोठा बांधला, तरी कुत्री रस्त्यावर का येतात याचे उत्तर त्याच्या भिंतींबाहेरच असते.

१०/ भारताने २००१ च्या नियमांत तिसरी वाट धरली: निर्बीजीकरण, लसीकरण आणि मूळ जागी परत सोडणे. २०२३ च्या नियमांत अशा प्राण्यांसाठी ‘सामुदायिक प्राणी’ ही संज्ञा आली. गल्लीच्या कुत्र्याला कायद्यात नाव मिळायला जवळजवळ दोन शतके लागली.

११/ तरीही ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलला: पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना लस व निर्बीजीकरणानंतर परत सोडावे. एका बाजूला चावा घेतलेल्या मुलांचे पालक होते, दुसऱ्या बाजूला रोज अन्न घालणारे लोक. कोटातल्या गर्दीला हा वाद अनोळखी वाटला नसता.

१२/ पाळलेले कुत्रे सोसायटीच्या फाटकाबाहेर सोडून देणारा माणूसही या इतिहासाचा भाग आहे. १८३२ मध्ये ‘बेवारस’ हा शिक्का सरकारने मारला होता. आज तो पुष्कळदा आपणच मारतो.