खेळाडूची पारख : तालीम ते ‘ड्राफ्ट’

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडे पाहून तो पंचविसाव्या वर्षी कोण होईल हे सांगणे मोठ्या जोखमीचे काम आहे. सोन्याची पारख कसोटीच्या दगडावर होते, बैलाची दातांवर आणि चालीवर होते. कोवळ्या खेळाडूची पारख कशावर करावी, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. अलीकडे आपल्या मातीतल्या खो-खोलाही व्यावसायिक रूप आले आणि हा प्रश्न वाशीमसारख्या जिल्ह्यातील शाळांच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचला. म्हणून त्याच्या इतिहासाचा थोडा मागोवा घेणे उचित ठरेल.

महाराष्ट्रात ही पारख पूर्वी तालमीत होत असे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली उभे राहिले. तालमीतला वस्ताद पोराला एका दिवसात जोखत नसे. पोरगा पहाटे उठतो काय, हौद्यातली माती न सांगता उकरतो काय, चितपट झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा लंगोट कसतो काय, हे तो महिनोन्‌महिने पाहत असे. विदर्भात हेच कार्य अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने अधिक व्यापक केले. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली.

हे १९३६ साल आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण आहे. त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉलने ऑलिंपिकमध्ये प्रथमच पदकाच्या खेळाचा मान मिळवला आणि तो सोहळा पाहण्यास त्या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ स्वतः उपस्थित होते. धर्मशास्त्राचे शिक्षण पूर्ण केलेल्या या गृहस्थांनी १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे, हिवाळ्यात कोंडल्या गेलेल्या तरुणांसाठी, पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. त्यात निकोप स्पर्धा हवी आणि धसमुसळेपणा नको, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्याच १९३६ च्या फेब्रुवारीत अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांनी फिलाडेल्फिया येथे एकत्र बसून महाविद्यालयीन खेळाडू पाळीपाळीने वाटून घेतले. गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाने आधी निवड करावी, म्हणजे दुबळ्याला बळ मिळेल, असा त्यामागील न्याय होता. यालाच ‘ड्राफ्ट’ म्हणतात. १९४७ पासून तेथील व्यावसायिक बास्केटबॉलनेही ही पद्धत स्वीकारली.

न्याय चांगला, पण पारख? १९३६ च्या त्या यादीत पहिला क्रमांक पटकावणारा जे बरवॅंगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. १९८४ साली मायकेल जॉर्डनला तिसऱ्या क्रमांकावर स्थान मिळाले. पोर्टलंडच्या संघाकडे त्याच्यासारखा खेळाडू आधीच असल्याने त्यांनी उंचपुऱ्या सॅम बोवीला पसंती दिली. पुढे बोवीचे पाय दुखापतींनी ग्रासले आणि जॉर्डन दंतकथा बनला. २०१४ साली सर्बियाचा निकोला योकिच ४१ वा निवडला गेला; त्यानेच पुढे तीनदा सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान मिळवला. २०१५ साली पंजाबातील बल्लो के या खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग ५२ वा निवडला गेला. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. उंची ७ फूट २ इंच! तरीही मुख्य स्पर्धेचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुय्यम स्पर्धेत दोन हंगाम काढून पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. उंची फुटपट्टीने मोजता येते. दाटीत पाय किती चपळपणे वळतील, हे फुटपट्टी सांगत नाही.

या चुकांच्या मुळाशी एक समान कारण दिसते. जे सहज मोजता येते त्याला आपण गुण समजतो. वाढीच्या वयात तर हा धोका दुप्पट होतो. १९८५ साली कॅनडातील रॉजर बार्न्सले व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, आइस हॉकीच्या निवडक संघांत वर्षाच्या आरंभी जन्मलेल्या मुलांचा भरणा फार असतो. एकाच वयोगटात दहा-अकरा महिन्यांनी थोरला असलेला मुलगा साहजिकच दांडगा दिसतो. निवडणारे त्या महिन्यांना प्रतिभा समजतात. मग त्यालाच प्रशिक्षण मिळते, त्यालाच सामने मिळतात आणि पारख खरी ठरल्याचा भास होतो. आपल्याकडे ज्या पिढ्यांच्या जन्मतारखा शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिल्या, त्यांना यातील विनोद आणि त्यातला अन्याय दोन्ही उमगतील.

खाशाबा जाधवांचे उदाहरण याच संदर्भात आठवावे. गोळेश्वरच्या या बुटक्या मल्लाने १९४८ साली लंडनमध्ये सहावे स्थान मिळवले होते. तरी १९५२ साठी आपली निवड व्हावी म्हणून त्यांना दाद मागावी लागली. निवड झाल्यावर प्रवासखर्चाला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राचार्यांजवळ कोणतेही मोजमापयंत्र नव्हते. ज्याला जवळून पाहिले त्याच्यावर स्वतःचे छप्पर पणाला लावण्याइतका विश्वास मात्र होता.

आता खो-खोकडे वळू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली या खेळाच्या नियमांना आकार येऊ लागला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, जुलै २०२२ मध्ये, ‘अल्टिमेट खो-खो’ स्पर्धेसाठी सहा संघांनी ड्राफ्ट पद्धतीने खेळाडू निवडले. खेळाडूंचे चार गट पाडले होते. पहिल्या गटाचे मानधन ५ लाख रुपये, शेवटच्याचे १ लाख. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्याच्या बालेवाडीत सामने झाले आणि ओडिशाच्या संघाने विजेतेपद मिळवले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे या महाराष्ट्राच्या कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी म्हणून वत्सगुल्म या नावाने ख्यात असलेली ही भूमी २०१८ साली देशाच्या ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आली. येथे खो-खो रुजणे स्वाभाविक आहे, कारण त्याला दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि धावणारी पोरे एवढेच लागते. परंतु रिसोड किंवा मानोऱ्याची मुलगी काळ्या मातीवर अनवाणी धावत शिकते. व्यावसायिक सामना मॅटवर, बूट घालून खेळला जातो. निवड चाचणीत तिचा पाय घसरला, तर तो दोष तिच्या गुणांचा की सरावाचा, हे एका सकाळीत कोण ठरवणार? आणि चाचणीच्या दिवसांत आईबापांसोबत मजुरीसाठी परगावी गेलेल्या मुलाचे नाव तर यादीतच येत नाही. पारखीच्या चुकांत ही चूक सर्वांत मोठी, कारण तिची नोंद कुठेच राहत नाही.

मोजमापे टाकून द्यावीत असे कोणी म्हणणार नाही. घड्याळ पक्षपात करीत नाही. वशिल्याला आळा घालण्यास ते उपयोगीच पडते. परंतु घड्याळाच्या आकड्याशेजारी वस्तादाची वहीही असावी. मुलाला वर्षातून एकदा न पाहता तीनदा पाहावे; त्याचे वय, त्याचा आहार, त्याला मिळालेला सराव यांची नोंद ठेवावी; सुटलेल्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावे. हे काम बालेवाडीत बसून होणार नाही. ते गावच्या शाळेतील शिक्षकालाच करावे लागेल. ज्यांची निवड झाली त्यांची नावे वर्तमानपत्रे छापतील. ज्यांची झाली नाही त्यांची नावे निदान त्या शिक्षकाच्या वहीत असू द्यावीत. पुढच्या हंगामाची सुरुवात त्याच वहीपासून व्हायची आहे.