जात्याचे दगड आणि सकाळची गाडी



मागच्या उन्हाळ्यात तीन महिने मुलाकडे सेंट ऑल्बन्सला राहिले. लंडनच्या उत्तरेला साधारण ३२ किलोमीटरवर हे गाव. सकाळी मुलगा-सून दोघेही डबा घेऊन स्टेशन गाठतात. जलद गाडी विसेक मिनिटांत लंडनला पोचवते. १८६८ साली लंडनची थेट रेल्वे झाली, तेव्हापासून गावाला ही सोय आहे. आपल्या बदलापूर-कर्जतचेच चित्र म्हणा ना.

"आई, आम्ही इथं फक्त झोपायला येतो. हे गाव आमचं असं वाटतच नाही," सून एकदा म्हणाली. मनाला लागले ते. घरात दिवसभर मी एकटीच. मग ठरवले, आपण तरी गाव बघून घेऊ.

गाव फार जुने. रोमन लोकांचे व्हेरुलॅमियम शहर इथेच होते. ते ओसाड पडल्यावर त्याच्याच विटा उचलून १०७७ पासून मठाचे मोठे चर्च बांधले. मनोऱ्यात त्या लाल विटा आजही दिसतात. जुन्या साडीची गोधडी करणाऱ्या आपण, आपल्याला यात नवल नाही!

पण मला धरून ठेवले ते जात्यांच्या गोष्टीने. तेव्हा गावाचा मालक म्हणजे मठ. दळण मठाच्याच गिरणीत न्यायचे आणि त्याचा मोबदला द्यायचा, असा नियम. बायाबापड्या घरच्या जात्यावर दळत, तेवढे मठाचे उत्पन्न बुडे. मी कॉमर्सची, त्यामुळे हा हिशेब लगेच कळला. रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड नावाचे मठाधिपती होते. स्वतः लोहाराचे पोर, मोठे विद्वान, खगोलीय घड्याळ बनवणारे. त्यांनी घरोघरची जाती जप्त केली आणि मठाच्या बैठकीच्या खोलीत त्यांची फरशी घातली. आपल्या स्वयंपाकघरातले जाते दुसऱ्याच्या पायाखाली!

गाव हे विसरले नाही. पन्नासेक वर्षांनी, १३८१ च्या शेतकरी बंडात लोक मठात शिरले, ती फरशी उखडली आणि दगडांचे तुकडे करून प्रसादासारखे वाटून घेतले. ज्यांच्या घरची जाती गेली होती, त्यातल्या कितीजणी तोवर हयात असतील? नातवंडांनी तुकडे घरी नेले असणार. बंड पुढे मोडले गेले. मिळालेल्या सनदा रद्द झाल्या, म्होरक्या विल्यम ग्रिंडकॉबला फाशी झाली. लोकांनी वेढलेला मठाचा दरवाजा अजून उभा आहे. आता तिथे शाळा भरते.

पुढे १५३९ साली राजाने मठच बंद केला. इमारती पडल्या, पण चर्च वाचले. १५५३ मध्ये गावकऱ्यांनी ४०० पौंड भरून ते विकत घेतले. ज्या मठाने जाती नेली, त्याचेच चर्च गावाने पदरमोड करून राखले. मला यात गावाचा मोठेपणा दिसला.

रात्री जेवताना सुनेला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "रोज त्या दरवाज्यावरून जाते, कधी थांबलेच नाही." पुढच्या शनिवारी ती माझ्याबरोबर बाजाराला आली. बुधवार-शनिवारचा हा बाजार शेकडो वर्षे भरतो. मटारच्या शेंगा घेतल्या आणि परतताना त्या दरवाज्याखाली दोघी जरा टेकलो. घाई नव्हती, गाडी सोमवारची होती.

घरी परतल्यावर पहिले काम केले. परसात सासूबाईंचे जाते पडले होते, वर कुंडी ठेवलेली. कुंडी उतरवली, जाते धुतले आणि त्यावर मूठभर मूग भरडले.

तुमच्याकडचे जाते कुठे आहे? जरूर कळवा.

जय जिनेंद्र.